कुणाला न विचारता

लहान शहरातल्या बसबद्दल सहसा कुणी लिहीत नाही. मुंबईच्या बेस्टवर पुष्कळ लिहिलं गेलंय, लोकलवर तर ढिगानं, आणि लाल एसटीचा विषय निघाला की आपण सगळेच गहिवरतो. पण कोल्हापूर, सोलापूर, सांगली-मिरज, रत्नागिरी अशा गावांत जी शहर बस धावते तिच्या वाट्याला ना गहिवर येतो ना अभ्यास. ती असते, एवढंच. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांना ती सिग्नलला पुढे आडवी आलेली दिसते, आणि ज्यांच्याकडे नाही ते लेख वगैरे लिहीत बसत नाहीत. गेली दोनेक वर्षं मात्र मला सारखं वाटतंय की ह्या 'असते'मध्येच बरंच काही दडलेलं आहे. म्हणून हा प्रपंच.

आमच्या कोल्हापुरात शहर बसला बस म्हणत नाहीत, केएमटी म्हणतात. म्हणजे कोल्हापूर महानगरपालिकेचा परिवहन उपक्रम. 'बस' म्हटलं की ती पुण्याला किंवा गारगोटीला जाणारी, आणि गावातल्या गावात जायचं तर 'केएमटीनं जाऊया'. मी पुण्यात येऊन इतकी वर्षं झाली तरी इथल्या स्टॉपवर उभी असताना तोंडातून एकदा तरी केएमटी निघतंच. सगळीकडे असा महापालिकेचाच उपक्रम असतो असं नाही. सांगली-मिरजेत आणि रत्नागिरीत शहरातली बससुद्धा एसटी महामंडळच चालवतं. रत्नागिरीत तर त्यासाठी रहाटाघरचं वेगळं स्थानक आहे. नाशिकलाही वर्षानुवर्षं एसटीच होती, जुलै २०२१ मध्ये तिथे महापालिकेनं स्वतःची सेवा सुरू केली. आणि राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांच्या गावांत शहर बस मुळात नाहीच. तिथे पाय, सायकल, दुचाकी, रिक्षा आणि वडाप. (वडाप हा शब्द पुण्याकडच्या मंडळींना सांगावा लागतो. माणसं कोंबून भरल्यावरच हलणारी जीप किंवा रिक्षा म्हणजे वडाप.)

आता तुम्ही म्हणाल, लहान गावाला बस हवी कशाला? ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सात-आठ किलोमीटर. दुचाकीवर टांग मारली की वीस मिनिटांत पोचतो. खरंय. कोल्हापूर हे दुचाकीचंच गाव आहे. पण दुचाकी कोण चालवतं हे एकदा घरातल्या घरात मोजून बघा. सोळाच्या आतली मुलं नाहीत. सत्तरीपुढची माणसं बहुधा नाहीत. ज्या बायकांना कुणी कधी शिकवलंच नाही त्या नाहीत. ज्याचा पाय प्लॅस्टरमध्ये आहे तो नाही. पंचवीस किलो भाजीची पाटी घेऊन बाजारात बसायला निघालेली बाई तर नाहीच नाही. म्हणजे घरात दुचाकी असते तेव्हाही ती एकाची किंवा दोघांची असते. बाकीच्यांना कुठे जायचं तर कुणाला तरी विचारावं लागतं. 'जरा सोडतोस का रे?' हे वाक्य ज्यांना रोज म्हणावं लागतं त्यांनाच त्याचं वजन माहीत.

मला ते अण्णांमुळे कळलं.

आमच्या नातेवाईकांना सगळं ठाऊकच आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. अण्णा म्हणजे माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. आई गेल्यापासून फुलेवाडीतल्या घरात एकटे राहतात. मी पुण्याला, भाऊ बंगळूरला. दोन वर्षांपूर्वी त्यांना काचबिंदूचं निदान झालं. ह्या आजाराची गंमत अशी (गंमत हा शब्द बरोबर नाही, पण दुसरा सुचत नाही) की समोरचं नीट दिसत राहतं आणि कडेचं हळूहळू जातं. पेपर वाचता येतो, टीव्ही दिसतो, माणूस ओळखता येतो, पण डावीकडून येणारी मोटरसायकल दिसत नाही. आणि जे गेलं ते परत येत नाही, थेंब घालून पुढचं वाचवायचं, इतकंच हातात. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, 'आता स्कूटर बंद करा.' अण्णांनीही शांतपणे ऐकलं. घरी आल्यावर स्कूटर पुसली, कव्हर घातलं आणि महिन्याभरात गल्लीतल्या एका मुलाला देऊन टाकली. त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. ते बोलले नाहीत म्हणूनच आम्हाला काळजी वाटायला लागली.

मग फोनाफोनी सुरू झाली. भावाचं म्हणणं, आता त्यांना एकटं ठेवण्यात अर्थ नाही, बंगळूरला नेऊ. माझं म्हणणं, निदान पुण्याला तरी, भाषा आपली आहे. दोन्हीकडे प्रेमच होतं, आणि दोन्हीकडे एक फ्लॅट, एक बाल्कनी आणि एक टीव्ही होता. भावानं तोपर्यंत त्यांच्या फोनवर रिक्षा बोलावायचं ॲप घालून दिलं, पैसे आपल्या खात्यातून जातील अशी सोय केली. अण्णांनी ते एकदाही वापरलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "रिक्षाला आधी सांगायला लागतंय कुठं जायचं ते. मलाच कधी कधी ठाऊक नसतंय." शेजारचे तर कोल्हापूरचेच, त्यामुळे 'सोडतो की अण्णा, बसा मागं' रोजचं. पण सोडणाऱ्याला आपल्या वेळेला जायचं असतं आणि परतीचं काय हा प्रश्न उरतोच. दोनदा गेले, तिसऱ्यांदा 'आज काही काम नाही' म्हणाले. काम होतं. वाचन मंदिरात पुस्तक बदलायचं होतं.

करवीर नगर वाचन मंदिर हे १८५० सालचं ग्रंथालय. अण्णांचं तिथलं सभासदत्व माझ्या वयापेक्षा जुनं आहे. पुस्तक बदलायचं, कपिलतीर्थ मंडईत भाजी बघायची (घ्यायची कमी, बघायची जास्त), महाद्वार रोडवरून रमतगमत एक फेरी, ओळखीचं कुणी भेटलं तर चहा. हा त्यांचा आठवड्यातून तीन दिवसांचा कार्यक्रम. ह्यातलं एकही काम 'महत्त्वाचं' नाही. म्हणजे असं की, मुलाला फोन करून 'मला सोडायला ये' म्हणावं इतकं महत्त्वाचं नाही. आणि माझ्या मते म्हातारपणी माणूस ज्या गोष्टींवर उभा असतो त्या नेमक्या अशाच, कुणाला त्रास द्यावा इतक्या महत्त्वाच्या नसलेल्या.

मग एक दिवस ते सरळ थांब्यावर जाऊन उभे राहिले आणि केएमटीत बसले. आम्हाला चार दिवसांनी कळलं.

गेल्या दिवाळीत मी त्यांच्याबरोबर दोन-तीनदा गेले. अण्णांची एक पद्धत ठरलेली आहे. पुढच्या दारानं चढायचं, आधी डावा पाय, मग दांडीला हात, मग उजवा. पहिली पायरी उंच असते, तिथे घाई करायची नाही. ड्रायव्हर ओळखीचे झालेत, तो बस अगदी कडेला घेतो. आत बालिंग्याकडून आलेल्या भाजीवाल्या बायका असतात, पाट्या पायाशी घेऊन बसलेल्या. "आजोबा, आज उशीर केलासा?" म्हणून एकीनं जागा करून दिली. अण्णांनी तिला वांग्याचा भाव विचारला. गंगावेशीत उतरून पुढे चालत. उतरताना कंडक्टर "सावकाश, काका, सावकाश" म्हणाला आणि अण्णा उतरून रस्त्याच्या कडेला उभं राहीपर्यंत त्यानं दोरी ओढली नाही. ह्या सगळ्यात अण्णांनी आयुष्यात ओळख करून घेतली नसती अशी डझनभर माणसं त्यांना ओळखायला लागली आहेत. ते एकटे राहतात ह्याची मला वाटणारी निम्मी काळजी, खरं सांगते, त्या डझनभर माणसांनी घेतलीय. मंगळवारी अण्णा दिसले नाहीत तर गुरुवारी कुणीतरी विचारतं.

आणि मग मला माझेच दिवस आठवले. अकरावीत माझे क्लास राजारामपुरीत होते, परतायला साडेआठ व्हायचे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. आजीचा नकार ठाम होता. आई फक्त एवढंच म्हणाली, "केएमटीनं जातीस न्हवं, मग जा." बस म्हणजे दिवे, कंडक्टर आणि चार बाया माणसं, असा तो हिशेब. त्या पासच्या जोरावर मी पहिल्यांदा घराबाहेर एकटी पडले आणि एकदा का पडले ती अजून बाहेरच आहे. तेव्हा सोळा वर्षांच्या मुलीला जे मिळालं तेच आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बापाला मिळतंय. कुणाला न विचारता जाता येणं.

आता जरा हिशेबाचं बोलू, कारण शहर बसचा विषय निघाला की पहिला शब्द येतो तो 'तोटा'. आणि तोटा खरा आहे, त्यावर डोळे मिटून चालणार नाही. एसटीवाल्यांचा एक छान शब्द आहे, भारमान. गाडीच्या क्षमतेपैकी किती भरली ते. आता शहर बसचं भारमान कसं चालतं बघा. सकाळी गावाकडून शहरात येताना गाडी खच्चून भरते, परत जाताना रिकामी. संध्याकाळी उलट. म्हणजे आपण ज्या बसला लोंबकळत गेलो तिचंही दिवसाचं सरासरी भारमान निम्म्यावर येऊ शकतं. त्यात लहान गावात माणूस तीन-चार किलोमीटरच जातो, त्यामुळे तिकीट लहान. ड्रायव्हर, कंडक्टर, डिझेल, टायर ह्यांचा खर्च मात्र गाव लहान म्हणून लहान होत नाही. तिकिटातून सगळा खर्च निघत नाही तो ह्यामुळे, आणि उरलेला महापालिकेच्या तिजोरीतून येतो. हे एकट्या कोल्हापूरचं नाही. मुंबईत बेस्टनं जुलै २०१९ मध्ये किमान भाडं आठवरून पाच रुपयांवर आणलं तेव्हा प्रवासी भराभर वाढले, पण तोटा काही संपला नाही, आणि मे २०२५ मध्ये तेच किमान भाडं दहा रुपये झालं.

तोटा दिसला की सगळ्यात सोपा उपाय म्हणजे फेऱ्या कमी करणं. इथेच लहान शहराची गोम आहे आणि ती मला स्टॉपवर उभं राहिल्यावर कळली, कागदावर कळली नसती. समजा फुलेवाडीहून गंगावेस. बसमध्ये बसल्यावर फार तर पंधरा मिनिटं. बस दर पंधरा मिनिटांनी असेल तर सरासरी साताठ मिनिटं वाट बघायची, एकूण बावीस-तेवीस मिनिटांत काम झालं. तीच बस चाळीस मिनिटांनी एक झाली तर सरासरी वाट वीस मिनिटांची, म्हणजे प्रवासापेक्षा थांबणंच मोठं. मुंबईत दीड तासाच्या प्रवासात वीस मिनिटं थांबावं लागलं तर माणूस कुरकुरतो आणि थांबतो. चार किलोमीटरसाठी कुणी थांबत नाही. ज्याला शक्य आहे तो हप्त्यावर दुचाकी घेतो, ज्याला नाही तो वडाप बघतो. मग बस आणखी रिकामी, भारमान आणखी खाली, तोटा आणखी मोठा आणि आणखी एक फेरी रद्द. शेवटी कागदावर सिद्ध होतं की ह्या मार्गावर प्रवासीच नाहीत. प्रवासी होते हो, ते थांबून थांबून गेले.

आणि सगळे गेले असंही होत नाही. काही जण उरतात, जे दुसरीकडे जाऊच शकत नाहीत. म्हातारी माणसं, शाळेतली पोरं, पाटीवाल्या बायका, सीपीआर रुग्णालयात पट्टी बदलायला निघालेला माणूस. ज्यांना बस सगळ्यात जास्त हवी तेच शेवटपर्यंत थांब्यावर उभे असतात. आणि त्यातले काही उभे राहण्याऐवजी घरीच बसतात. 'आज काही काम नाही' म्हणतात. ह्या माणसांची नोंद कुठल्याच तक्त्यात होत नाही, कारण न केलेल्या प्रवासाचं तिकीट फाटत नसतं.

एक गोष्ट वाचताना मला नवल वाटलं. आपल्या राज्यातल्या बहुतेक महापालिका ज्या १९४९ च्या अधिनियमानुसार चालतात त्यात महापालिकेची कामं दोन प्रकारची सांगितली आहेत. काही बंधनकारक आणि काही ऐच्छिक. पाणी, गटारं, रस्त्यावरचे दिवे बंधनकारक. बस वाहतूक ऐच्छिक. म्हणजे करायची तर करा. म्हणूनच रस्त्यावरच्या दिव्याचा तोटा कधी कुणी मोजत नाही. रात्री अडीच वाजता निर्मनुष्य गल्लीत दिवा जळतो, तेव्हा 'ह्या दिव्याचं भारमान किती' असं कुणी विचारत नाही, कारण एखादी बाई त्या वेळी त्या गल्लीतून आलीच तर उजेड असावा, हे आपल्याला मान्य आहे. दुपारी दोनच्या बसमध्ये सहा माणसं असली की मात्र ती तोट्यातली फेरी होते. मला एवढंच म्हणायचंय की ती दुपारची बस ही दिव्यासारखी आहे. सहा माणसं बसली म्हणून नव्हे, तर कुणालाही ऐनवेळी बसता येईल म्हणून तिची किंमत आहे.

ह्याचा अर्थ वाटेल तेवढा पैसा ओता असा नाही. महापालिकेचा पैसा म्हणजे आपलीच घरपट्टी, आणि त्याच पैशातून पाणीही यायचंय. कुठला मार्ग ठेवायचा, कुठल्यावर मोठ्या बसऐवजी छोटी पुरेल, एकाच रस्त्यावर एकामागोमाग एक तीन बस धावतात त्यांच्या वेळा कशा पसरायच्या, हे सगळं बघायलाच हवं. पण ते बघताना 'ही फेरी बंद केली तर पैसे किती वाचतील' ह्याच्या शेजारी दुसरा एक रकाना हवा. 'ही फेरी बंद केली तर कोण घरी बसेल?' आमच्या घरापुरतं त्याचं उत्तर मला माहीत आहे. फुलेवाडीची बस बंद झाली तर तिजोरीत चार पैसे वाचतील आणि आम्हाला अण्णांना पुण्याला आणावं लागेल. तो खर्च कुठल्याच अंदाजपत्रकात दिसणार नाही, कारण तो अण्णा भरतील.

सध्या चर्चा विजेवरच्या बसची आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारनं पीएम ई-बस सेवा योजना मंजूर केली, देशभरासाठी दहा हजार बसची, तीन लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांसाठी आणि राजधान्यांसाठी. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर साडेपाच लाखांच्या आसपास होतं, त्यामुळे आपलंही नाव त्यात आहे. आनंदच आहे. धूर नाही, आवाज नाही, आणि अण्णांच्या दृष्टीनं सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पहिली पायरी कमी उंच असली तर बरं. पण अशा बातम्यांत नेहमी एकच आकडा असतो, बस किती येणार. फोटो, नारळ, हिरवा झेंडा, इतक्या बस दाखल. मला त्या आकड्यात फार रस उरलेला नाही. बस किती आल्या ह्यापेक्षा ती आमच्या थांब्यावर किती मिनिटांनी येणार, आणि दुपारी दोन वाजता येणार का, रात्री साडेआठला येणार का, हे कुणीतरी विचारायला हवं. लहान शहराची बस चांगली की वाईट हे मला तरी त्या मिनिटांवरून कळतं.

असो. भावाचा परवा पुन्हा फोन होता, अण्णांचं काय ठरवायचं म्हणून. मी म्हटलं, अजून काही ठरवायला नको. त्यांच्या डोळ्यांची तपासणी दर काही महिन्यांनी होतेच, थेंब वेळेवर घालतात, आणि कधीतरी ठरवायची वेळ येईलही. पण ती वेळ त्यांच्या डोळ्यांमुळे येऊ दे, बसमुळे नको. तो हसला आणि म्हणाला, "आता फोन लावला तर उचलत नाहीत."

साहजिक आहे. गुरुवार होता, बाहेर गेले असतील.